परग्रहावर देऊळ असेल का?

इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी, एक नवा तारा उगवला. चीनच्या दरबारातल्या खगोल अधिकाऱ्यांनी त्याची तारीखवार नोंद ठेवली. तेवीस दिवस तो भर दिवसाही दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात जवळजवळ दोन वर्षं टिकून होता. एका मोठ्या ताऱ्याचा तो स्फोट होता. त्याचे विखुरलेले अवशेष आजही दुर्बिणीतून दिसतात. क्रॅब नेब्युला या नावानं ते ओळखले जातात.

त्यानंतर सहाच वर्षांनी, शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, उत्तर कोकणच्या शिलाहारांनी वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणाचं एक शिवालय पुरं केलं. अंबरनाथचं देऊळ ते हेच. उत्तरेकडच्या दारावरच्या शिलालेखात महामंडलेश्वर मम्वाणीराजाचं नाव आहे. काम त्याच्या आधी, छित्तराजाच्या कारकिर्दीत सुरू झालं असावं असं अभ्यासक मानतात. तसं असेल तर तो तारा पेटला तेव्हा इथं छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमत होता.

त्या पाथरवटांनी तो तारा पाहिला असेल का? भर दिवसा दिसण्याचे ते तेवीस दिवस ऐन जुलैतले, आणि जुलैत कोकणात सूर्य दिसायची मारामार. पण दसरा-दिवाळीनंतर आभाळ निवळतं. तेव्हा पहाऱ्यावरच्या एखाद्यानं कृत्तिका-रोहिणीच्या पलीकडे तो ठिपका पाहिला नसेल असं म्हणणं अवघड आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि पुण्याच्या संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी या ताऱ्याचा उल्लेख सापडतो का, हे पाहण्यासाठी जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळले होते. निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. नोंद नाही म्हणजे कुणी पाहिलंच नाही असा अर्थ होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या साऱ्या विषयात तिची गरज लागते.

क्रॅब नेब्युला आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे त्या स्फोटाचा प्रकाश निघाला तेव्हा मोहेंजोदडो वसलं नव्हतं, वेद रचले गेले नव्हते, शंकर हे नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. तो इथं पोहोचेपर्यंत माणसानं देवांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या, काही विसरून टाकल्या, आणि एकासाठी अंबरनाथला देऊळ बांधायला घेतलं. आता उलट बाजूनं पाहा. १०६० साली या देवळाच्या भिंतींवर पडून आकाशात परतलेला उजेड आज साडेनऊशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर गेला आहे. त्या अंतराच्या आत लाखो तारे आहेत. ग्रह तर बहुतेक ताऱ्यांभोवती असावेत; सूर्यमालेबाहेरच्या पक्क्या ठरलेल्या ग्रहांची संख्या २०२५ मध्ये सहा हजारांवर गेली. यातल्या एखाद्या ग्रहावर विचार करणारे जीव असतील, तर त्यांच्याकडेही कुणापुढे तरी हात जोडण्याची रीत असेल का?

प्रश्न पोरकट वाटू शकतो. तो तसा नाही. माणसाची श्रद्धा नेमकी कशातून उगवते, हे तपासायचं असेल तर इतका कसाला लावणारा दुसरा प्रश्न नाही. आणि तो सोडवायला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेवरची तीन स्टेशनं पुष्कळ सामग्री पुरवतात.

अंबरनाथच्या देवळात मंडपातून गाभाऱ्याकडे जायचं तर वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. देव उंचावर असण्याची सवय असलेल्याला हे उतरणं चमकवून जातं. खाली ओल असते, दगड गार असतो. आणि वर मान केली तर छत नाही. शिखर अपुरं आहे, गाभाऱ्यातून थेट आकाश दिसतं. बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही; देवता, अप्सरा, हत्तींच्या रांगा, पानाफुलांच्या पट्ट्या. पोटापाण्याच्या हिशेबात यातल्या एकाही दगडाचा उपयोग नाही. दूरच्या ग्रहावरून कुणी चौकस जीव हे सारं न्याहाळत असेल, तर धरण, रस्ता, कोठार त्याला पटकन कळेल. हे देऊळ मात्र त्याला कोड्यात टाकेल. एवढी माणसं, एवढी वर्षं, कशासाठी?

उत्तराची एक बाजू बदलापूरच्या पूर्वेच्या रानाकडे नेते. बारवी धरणाच्या भोवतालचा जंगलपट्टा, त्यापुढे मुरबाड, शहापूर, आणि उत्तरेला पालघरचे डोंगर. या मुलखातल्या वारली, ठाकर, महादेव कोळी वस्त्यांत वाघोबा हा जुना देव आहे. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर वाघाची आकृती, बाजूला चंद्र आणि सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते, नैवेद्य दाखवला जातो. २०२१ साली वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटानं वारल्यांच्या या परंपरेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्या अत्रेय, रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई, ठाणे, पालघर भागातली वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली आणि लोकांशी बोलून या नात्याचे नियम समजून घेतले. नातं देवघेवीचं आहे. माणसानं मान राखायचा, वाघोबानं राखण करायची. यात चुकलं तर शिक्षा, आणि शिक्षेनंतर पुन्हा समेट. बिबट्याबरोबर एकाच रानात राहण्याची ही रीतच आहे, आणि वनखात्याच्या पिंजऱ्यांपेक्षा ती कितीतरी जुनी आहे.

मानसशास्त्र इथं एक धागा पकडतं. झुडूप हललं तर वाऱ्यानं हललं असेल किंवा वाघानं. वारा समजून गाफील राहिलेला एखादा पूर्वज जेवणाच्या ताटात गेला; वाघ समजून पळालेला नाहक धावला खरा, पण वाचला. आपण पळणाऱ्यांचे वंशज. म्हणून हालचाल दिसली की तिच्यामागे कुणीतरी आहे, त्याला काहीतरी हवं आहे, असं आपल्याला आधी वाटतं. मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट गथ्री यांनी १९९३ साली एका पुस्तकात हा विचार विस्तारानं मांडला. जस्टिन बॅरेट या मानसशास्त्रज्ञानं पुढे त्याला नाव दिलं आणि तो घराघरांत पोहोचला. वादळामागे, रोगामागे, पावसामागे कुणीतरी आहे ही भावना त्यातूनच येते, असं या पंथाचं म्हणणं.

हे खरं असेल तर परग्रहावर श्रद्धेची शक्यता बरीच वाढते. जिथं शिकार आणि शिकारी आहेत, तिथं ही सवय उपयोगी ठरणार. उत्क्रांती ती पुन्हा घडवणार.

पण एवढ्यानं वाघोबा उभा राहत नाही. भीती हरणालाही वाटते, हरीण ठाणं मांडत नाही. वाघोबाच्या गोष्टीत भीतीपेक्षा करार महत्त्वाचा आहे, आणि करार म्हटला की समोरच्याचं मन ओळखणं आलं, शब्द आला, पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट आली. या सगळ्या गोष्टी ज्या जीवाकडे नाहीत, तो कितीही हुशार असला तरी त्याचा देव तयार होणार नाही.

याचं उदाहरण पृथ्वीवरच आहे. ऑक्टोपस. त्याच्या शरीरात सुमारे पन्नास कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक त्याच्या आठ बाहूंत असतात. तो झाकणं उघडतो, वाट लक्षात ठेवतो, माणसं ओळखतो. परंतु बहुतेक जातींचे ऑक्टोपस एकटे राहतात आणि एक-दोन वर्षांत मरतात. मादी अंडी राखत बसते, खाणं सोडते, आणि पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास संपते. पिल्लाला आई भेटतच नाही. शिकवायला कुणी नाही, सांगायला गोष्ट नाही.

आता हे पंढरीच्या वाटेवर ठेवून पाहा. वारकरी विठ्ठलाला आई म्हणतो, ज्ञानेश्वरांना माऊली म्हणतो, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही माऊली म्हणतो. जनाबाईच्या कथांत देव दळण दळू लागतो, तिची वेणी घालतो. मराठी भक्तीचा हा सगळा जिव्हाळा एका साध्या जैविक वस्तुस्थितीवर उभा आहे. माणसाचं मूल जन्मतः असहाय असतं आणि पुढची कित्येक वर्षं कुणाच्या तरी कडेवर, कुणाच्या तरी हाताला धरून वाढतं. हाकेला धावून येणारं कुणीतरी आहे, हा माणसाचा पहिला अनुभव. तो ज्या जीवाला नाही, त्याला विठूमाऊली समजावून सांगता येणार नाही. बुद्धिमान ऑक्टोपसांचा एखादा ग्रह असला आणि त्यांच्याकडे देव असलाच, तर तो आईबाप नसेल. निघून गेलेला कुणीतरी असेल, किंवा कधीच न भेटलेला.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: श्रद्धा असेल की नाही हे बुद्धीवर कमी आणि जगण्याच्या रीतीवर जास्त ठरतं. मरण कळतं का, बालपण लांब आहे का, माणसं एकमेकांना गोष्टी सांगतात का, आणि घर सुटल्याचं दुःख त्यांना होतं का, यावर ठरतं.

घर सुटण्याची गोष्ट उल्हासनगरपेक्षा चांगली कोण सांगेल? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासित कुटुंबांना त्याच बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही पत्ता विचारला तर कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगितला जातो.

या माणसांनी जमीन सोडली, दुकानं सोडली, आणि सिंधू नदी सोडली. त्यांचा देव झुलेलाल मात्र त्या नदीचाच. पांढरी दाढी, हातात पोथी, कमळावर बैठक आणि खाली पल्ला मासा. दहाव्या शतकात ठट्ट्याच्या मिरखशाह नावाच्या राजानं हिंदूंना धर्म बदलण्याचा हुकूम केला, लोकांनी नदीकाठी चाळीस दिवस धावा केला आणि झुलेलाल अवतरला, अशी कथा आहे. त्या चाळीस दिवसांची आठवण म्हणून दर पावसाळ्यात चालिहो पाळला जातो. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या चालिया मंदिरात त्या काळात मोठी गर्दी असते. तिथली अखंड ज्योत सिंधमधल्या पीर गोठहून आणली असं भाविक सांगतात. चेटीचंड या सिंधी नववर्षाच्या सणाला आणि इतर सणांना बहराणा निघतो. ताटात पेटती ज्योत, खडीसाखर, वेलदोडे, फळं. वाजतगाजत तो पाण्यापर्यंत नेला जातो. पाणी सिंधूचं नसतं. उल्हास नदी, तलाव, समुद्र, जिथं जे असेल ते.

नदीचा देव नदीशिवाय जगतो, हे उल्हासनगरनं दाखवून दिलं. याचं महत्त्व परग्रहाच्या विषयात फार आहे. कितीतरी विज्ञानकथांत अंतराळात पसरलेली संस्कृती देवाधर्माच्या पलीकडे गेलेली दाखवतात. ग्रह सुटला की देवही सुटला, असं त्यांना वाटतं. सिंधी माणसाचा अनुभव याच्या उलट आहे. घर गेलं तेव्हा देव अधिक घट्ट धरला गेला, कारण नेता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. एखाद्या जीवजातीला मरणाऱ्या ताऱ्याजवळून पळ काढावा लागला असेल, तर तिच्या यानात पहिली जागा कशाला मिळाली असेल, याचा अंदाज कॅम्पातल्या एखाद्या आजीला आपल्यापेक्षा चांगला करता येईल.

आणखी एक गोष्ट. सिंधमध्ये झुलेलालला मुसलमानही मानत. त्यांच्यासाठी तो जिंदा पीर, ख्वाजा खिज्र. उडेरोलाल गावातल्या एकाच आवारात हिंदूंचं देऊळ आणि मुसलमानांची दर्ग्याची जागा आहे. एकाच पाण्याकडे पाहून दोन समाजांनी दोन नावं घेतली. दोन ग्रहांवर असं झालं, तर नवल नाही.

इथवर बोलणं भक्तीचं झालं. देवाचं अजून झालेलं नाही. भक्ती असणं एक आणि विश्व निर्माण करणारा एक कर्ता मानणं दुसरं. पाश्चात्त्य चर्चेत या दोन्ही गोष्टी सर्रास एक धरल्या जातात. महाराष्ट्रात तशी सोय नाही. जैन धर्म जगाचा कर्ता मानत नाही, तरी जैनांची मंदिरं गावोगावी आहेत आणि त्यांचे उपास कडक आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. जगाचा निर्माता मानण्याला त्यांच्या धम्मात जागा नाही. नीतीला आहे, करुणेला आहे, माणसानं माणसाशी कसं वागावं याला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत बुद्धविहारं आहेत. बुद्धपौर्णिमेला तिथं मेणबत्त्या लागतात, वंदना होते. तेव्हा परग्रहावर धर्म असला तरी देव असेलच असं नाही. एका पृथ्वीवर, एका लोकल गाडीच्या टप्प्यात, दोन्ही तऱ्हा नांदताना दिसतात.

नीतीवर नजर ठेवणाऱ्या मोठ्या देवाबद्दलही असाच सावधपणा हवा. सगळं पाहणारा आणि पापाची शिक्षा देणारा देव मानला गेला, म्हणून अनोळखी माणसांशी विश्वासानं व्यवहार करता आले आणि समाज मोठे होऊ शकले, असा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ आरा नोरेन्झायान यांनी २०१३ साली मांडला. हे खरं असतं तर प्रत्येक प्रगत परग्रही समाजाचा असा एक देव असणार, हे गणितच झालं असतं. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक मोठा शोधनिबंध आला. त्यानं क्रम उलटा सांगितला: आधी मोठे समाज, मग असे देव. पण त्याच्या मांडणीत एक खोट निघाली. ज्या काळाबद्दल माहिती उपलब्ध नव्हती, तिथं असे देव नव्हते असं धरलं गेलं होतं. टीका झाली आणि २०२१ मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतला. नोंद नसणं आणि गोष्ट नसणं यांतला फरक विसरला की काय होतं, ते इथं दिसतं. आपल्याच ग्रहाचा हिशेब असा अडखळतो, तिथं दुसऱ्या ग्रहांबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांवर फार विसंबू नये.

परग्रहावरचे जीव भेटले तर आपल्या धर्मांचं काय होईल, हा या प्रश्नाचा जुळा भाऊ. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जोर्दानो ब्रुनोला जिवंत जाळलं. असंख्य जगं आहेत हे त्याचं मत त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होतं. २००८ मध्ये त्याच रोममध्ये, व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी मुलाखतीत सांगितलं की परग्रहावरचा जीवही देवाच्या सृष्टीतला आपला भाऊ मानता येईल. चारशे वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं. त्याच सुमारास अमेरिकेतले धर्मशास्त्रज्ञ टेड पीटर्स यांनी तेराशेहून अधिक लोकांची पाहणी केली. वेगवेगळ्या धर्मांच्या बहुतेकांनी सांगितलं की परग्रहवासी सापडल्यानं आपली श्रद्धा डळमळणार नाही. धर्म कोलमडतील ही काळजी श्रद्धाळूंपेक्षा धर्म न मानणाऱ्यांना जास्त होती.

भारतीय मनाला तर अनेक जगांची कल्पना नवी नाहीच. ब्रह्मवैवर्त पुराणात गर्वानं फुगलेल्या इंद्राला एक बालक मुंग्यांची रांग दाखवतं आणि सांगतं की यातली प्रत्येक मुंगी मागे कधीतरी इंद्र होती. गुरू नानकांच्या जपजीत लाखो आकाशं आणि लाखो पाताळं येतात. सिंधी दरबारांत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळांत, ती वाणी रोज पहाटे वाचली जाते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ग्रंथ पुरा करताना मागणं मागितलं ते साऱ्या विश्वाला व्यापणाऱ्या देवाकडे, कुठल्या एका गावच्या किंवा कुळाच्या देवाकडे नव्हे. या परंपरेत वाढलेल्याला दूरच्या ग्रहावरचा भक्त परका वाटायचं कारण नाही.

मराठीत या विषयाची गोडी ज्यांनी लावली, त्या नारळीकरांचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या त्यांच्या पुस्तकांनी मराठी घरांतल्या मुलांना आकाशाकडे पाहायला लावलं. फलज्योतिषाची त्यांनी नरेंद्र दाभोलकरांच्या साथीनं चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ज्योतिष्यांना दिल्या. बरोबर ठरलेली उत्तरं निम्म्यापर्यंतही पोहोचली नाहीत. असा काटेकोर माणूस परग्रहावरच्या जीवसृष्टीची शक्यता मात्र गांभीर्यानं घेत होता. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून इस्रोच्या मदतीनं मोठे फुगे सोडून एक्केचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, दुसरीला आर्यभटाचं, तिसरीला इस्रोचं. ते जिवाणू अवकाशातूनच आले असा दावा मात्र केला गेला नाही, कारण तेवढा पुरावा नव्हता. या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा संयम उचलावा.

आपण मात्र आपली श्रद्धा बाहेर पाठवून बसलो आहोत. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. ती तयार करणाऱ्या कार्ल सेगन यांच्या गटानं धर्माची चित्रं जाणूनबुजून टाळली, कारण एका धर्माचं घेतलं तर बाकीच्यांचं काय हा पेच होता. पण देवधर्म मागच्या दारानं आत शिरला. नाव्हाहो आदिवासींचा रात्रीचा विधिमंत्र त्यात आहे. ब्लाइंड विली जॉन्सनचं शब्दांवाचूनचं भक्तिगीत आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि पंचावन्न भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभ विचार पाठवतात आणि या जन्मी तुम्ही धन्य व्हावं अशी इच्छा करतात, असा त्याचा आशय. अनोळखी जीवाला सहज चार शब्द बोलायला गेलो, आणि पुनर्जन्म त्यात आपसूक आला. व्हॉयेजर १ आज पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे, आणि मराठी माणसाचा पुनर्जन्मावरचा विश्वास त्याच्यासोबत तितकाच दूर गेला आहे.

तिकडून उत्तर आलं तर? बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईच्या दिव्यांपासून जरा सुटलेलं हे गाव हौशी आकाशनिरीक्षकांच्या चांगलं ओळखीचं आहे. खगोल मंडळाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं लोकांना इथं आणून रात्रभर तारे दाखवत आले आहेत. डिसेंबरच्या रात्री इथून वृषभ डोक्यावर येतो. पण संदेश डोळ्यांना दिसायचा नाही, तो ऐकावा लागेल. त्यासाठी घाट चढून जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जावं लागतं. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ लहरी ती टिपू शकते. परग्रहावरचे जीव बोलले तर याच लहरींच्या आसपास बोलतील, असा तर्क दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडला होता.

संदेश आला तर आधी अंक कळतील, मग कदाचित रसायनं. श्रद्धा सगळ्यात शेवटी, आणि कदाचित कधीच नाही. कारण कृतीवरून श्रद्धा ओळखणं किती कठीण असतं, हे पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझींनी दाखवलं आहे. २०१६ साली संशोधकांनी जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतून पाहिलं की तिथले चिंपांझी काही ठरावीक झाडांपाशी दगड घेऊन येतात, ओरडतात, दगड खोडावर फेकतात किंवा ढोलीत टाकतात. दगडांचे ढीग साचतात. खाण्याशी याचा संबंध दिसत नाही. हा विधी आहे का, ही झाडं त्यांना पवित्र वाटतात का, अशी चर्चा जगभर झाली. २०१९ मध्ये त्याच विषयावर पुढचा अभ्यास आला. दगड आपटल्यावर खोल आणि लांबवर घुमणारा आवाज देणारी झाडं ते निवडतात, असं त्यात आढळलं. म्हणजे सगळा खटाटोप आवाजासाठी, दूरच्या सोबत्यांना कळावं म्हणून, असं आता अनेकांना वाटतं. पण अंबरनाथच्या देवळात शिरणारा माणूसही आधी घंटा वाजवतोच. तेव्हा आवाजाचं कारण सापडलं म्हणून दुसरं कारण नव्हतं, असं काही सिद्ध होत नाही.